महिनाभराच्या वाचनाची आखणी: छोट्या कादंबऱ्या आणि कथेतर पुस्तकं

‘या महिन्यात दहा पुस्तकं वाचणार’ असं ठरवणारे बरेच जण दुसऱ्या आठवड्यात गळतात. त्यात आळसाचा भाग कमी आणि हिशोबाचा जास्त असतो. एक पुस्तक नव्वद पानांचं असतं, दुसरं तीनशे पानांचं. एक झरझर सरकतं, दुसऱ्यात प्रत्येक परिच्छेदापाशी थांबावं लागतं. म्हणून पुस्तकांचा आकडा आधी ठरवू नका. आधी तास मोजा, तासांच्या बैठका करा आणि त्या बैठकांमध्ये काय बसतंय ते बघून पुस्तकं निवडा. क्रम एवढा उलटा केला तरी निम्मं काम होतं.

खालची आखणी तीस दिवसांची आहे. तीन छोट्या कादंबऱ्या आणि एक कथेतर पुस्तक. आकडा लहान वाटेल, पण रोज वाचायची सवय नसलेल्या माणसाला तो पुरून उरतो.

छोटी कादंबरी म्हणजे किती छोटी?

मराठीत दीर्घकथा कुठे संपते आणि लघुकादंबरी कुठे सुरू होते यावर एकमत नाही, आणि वाचणाऱ्याचं त्यावाचून काही अडतही नाही. मोजमापच हवं असेल, तर विज्ञानकथांसाठी दिल्या जाणाऱ्या ह्यूगो आणि नेब्युला पुरस्कारांची व्याख्या सोयीची आहे: १७,५०० ते ४०,००० शब्द. छापील पानावर साधारण अडीचशे शब्द धरले तर ही सत्तर ते एकशेसाठ पानं होतात. आखणीसाठी एवढी मर्यादा पुरे.

पानांची संख्या मात्र फसवी असते. मोठा टाइप, ऐसपैस समास आणि प्रत्येक प्रकरणाआधी कोरं पान दिलं की साठ पानांचा मजकूर एकशेवीस पानांत पसरतो. बारीक टाइपात दाटून छापलेली शंभर पानं दीडशेचा वेळ खातात. म्हणून पुस्तक हातात आलं की मधलं एखादं भरगच्च पान उघडा. पाच पूर्ण ओळींतले शब्द मोजा, पाचाने भागा, पानावरच्या ओळींनी गुणा. ओळीत नऊ शब्द आणि पानावर अठ्ठावीस ओळी असतील तर २५२ शब्द. दोन मिनिटांचं काम आहे आणि फसगत टळते.

कथेतर पुस्तकात आणखी एक वजाबाकी करावी लागते. समजा पुस्तकाची २३२ पानं आहेत. सुरुवातीची सोळा पानं शीर्षक, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश यांत गेली. शेवटची छत्तीस पानं टिपा, संदर्भ आणि सूची. वाचायची पानं उरली १८०. ई-बुकवर वाचणाऱ्यांना हे माहीत नसतं, मग ‘अजून सोळा टक्के बाकी’ असं दिसत असताना पुस्तक अचानक संपतं. आखणी नेहमी या उरलेल्या १८० पानांवर करायची.

आपला वेग मोजा

मानसशास्त्रज्ञ मार्क ब्रिसबर्ट यांनी २०१९ मध्ये अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र करून इंग्रजीतल्या मूकवाचनाचा सरासरी वेग काढला: कथेतर मजकुरासाठी मिनिटाला २३८ शब्द, कथा-कादंबरीसाठी २६०. हे आकडे जसेच्या तसे मराठीला लावू नका. मराठीत विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दालाच चिकटतात, त्यामुळे तोच मजकूर कमी पण लांब शब्दांत बसतो आणि मिनिटाचे शब्द कमी भरतात. तुम्ही हळू वाचता असा त्याचा अर्थ नाही. त्या आकड्यांतून घ्यायची गोष्ट वेगळी आहे: कथेतर मजकूर सरासरीनेच हळू वाचला जातो. थांबून विचार करणं, आधीचं पान उलटून बघणं, खूण करणं हे धरलं तर फरक आणखी वाढतो.

स्वतःचा वेग असा काढा. पुस्तकाची पहिली वीस पानं सोडा, कारण तिथे माणसं, जागा आणि लेखकाची भाषा यांची ओळख होत असते आणि सगळेच हळू वाचतात. त्यानंतरची दहा पानं घड्याळ लावून वाचा. वेग दाखवायला म्हणून पळू नका; खोटा वेग धरला की पुढची सगळी आखणी खोटी पडते. एकदा कादंबरीवर मोजा, एकदा कथेतर पुस्तकावर. आणि ज्या वेळी रोज वाचणार आहात त्याच वेळी मोजा. सकाळी ताज्या डोक्याने मोजलेला वेग रात्री साडेदहाला टिकत नाही.

समजा कादंबरीची दहा पानं पंधरा मिनिटांत झाली, म्हणजे तासाला चाळीस. कथेतर पुस्तकाची दहा पानं बावीस मिनिटांत झाली, म्हणजे तासाला सुमारे सत्तावीस. पुढचं उदाहरण याच वेगांवर आहे. तुमचे आकडे वेगळे असतील, ते घालून गणित पुन्हा करा.

तासांचा हिशोब

तीस दिवसांतले पाच दिवस आधीच सोडून द्या. पाहुणे, प्रवास, आजारपण, कामाचा रगाडा यांतलं काहीतरी येणारच. ते दिवस मोकळे ठेवले तर आखणी मोडत नाही, नाही ठेवले तर मोडते. राहिले पंचवीस. रोज पंचेचाळीस मिनिटं धरली तर ११२५ मिनिटं, म्हणजे पावणेएकोणीस तास. यातले पंधरा टक्के टिपणं, मागे जाऊन बघणं आणि सरळ सरळ उशिरा बसणं यांत जातात. हाती राहतात साधारण सोळा तास, म्हणजे पंचेचाळीस मिनिटांच्या एकवीस बैठका.

एकशेवीस पानांच्या कादंबरीला तीन तास, म्हणजे चार बैठका लागतात. १८० पानांच्या कथेतर पुस्तकाला सहा तास चाळीस मिनिटं, म्हणजे नऊ बैठका. तीन कादंबऱ्यांच्या बारा आणि या नऊ मिळून एकवीस. गणित जुळलं. दुसरं कथेतर पुस्तक घ्यायचं असेल तर दोन कादंबऱ्यांना रजा द्या, आणि तेही थोडं पातळ निवडा, कारण नऊ बैठका आठांत बसत नाहीत. ‘दोन्ही बसवतो’ असं म्हणणाऱ्याचं दोन्ही अर्धवट राहतं.

पंचेचाळीस मिनिटंच का? वीस मिनिटांत कादंबरीत शिरायला जेमतेम वेळ मिळतो, तोवर उठायची वेळ होते. दीड तास रोज काढणं नव्याला झेपत नाही. सलग पाऊण तास मिळतच नसेल तर सकाळी वीस आणि रात्री पंचवीस असे दोन तुकडे करा. त्या परिस्थितीत कथेतर पुस्तक सकाळी आणि कादंबरी रात्री अशा दोन वाटा समांतर चालवता येतात. एरवी समांतर वाचनाच्या फंदात पडू नका. एकाच बैठकीत दोन पुस्तकं उघडणाऱ्याचा ओढा सोप्या पुस्तकाकडे जातो आणि दुसरं कोपऱ्यात पडून राहतं.

निवड

इथे घाई करू नका. महिना सुरू व्हायच्या दोन आठवडे आधी यादी करा, कारण ग्रंथालयात हवं ते पुस्तक बहुतेक वेळा दुसऱ्याकडे गेलेलं असतं आणि नाव नोंदवून वाट बघावी लागते. परत करायची तारीखही आधीच बघून ठेवा. चारही पुस्तकं एकाच दिवशी आणली तर शेवटचं उघडण्याआधीच मुदत संपते. स्वामित्वहक्क संपलेली बरीच जुनी मराठी पुस्तकं विकिस्रोतावर फुकट वाचता येतात. एखादं पुस्तक आयत्या वेळी मिळालं नाही तर हा चांगला पर्याय आहे.

कादंबऱ्या निवडताना पानांइतकंच रचनेकडे बघा, कारण कुठे थांबता येईल हे रचनेवर ठरतं. पु. शि. रेगे यांची ‘सावित्री’ (१९६२) पत्रांतून उलगडते, त्यामुळे कुठल्याही पत्राच्या शेवटी पुस्तक मिटता येतं. विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ (१९३९) बोटीवरच्या एका प्रवासात घडते, तिचा ताण सलग चढत जातो. ती चारऐवजी दोन मोठ्या बैठकांत वाचलेली बरी. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) माणसामाणसांतून आणि प्रसंगांतून पुढे जाते आणि रोजच्या तीस पानांना छान सोसते. तिन्ही छोट्याच कादंबऱ्या, पण प्रत्येकीचं वेळापत्रक वेगळं. पहिल्या आठवड्यासाठी सहज थांबता येईल अशी घ्या. सलग ओढणारी शेवटी ठेवा. तोवर बसायची सवय झालेली असते आणि थकव्यावर तिचा ओघच औषध ठरतो.

तिन्ही कादंबऱ्या एकाच सुराच्या नकोत. तीन उदास कादंबऱ्या ओळीने वाचल्या की तिसरी कितीही चांगली असली तरी डोक्यात शिरत नाही, आणि दोष उगाच लेखकाला जातो.

अनुवादित कादंबरी घेणार असाल तर नावांची तयारी ठेवा. रशियन पुस्तकांत एकाच माणसाला कुणी नाव आणि पितृनामाने हाक मारतं, कुणी आडनावाने, घरचे लाडक्या नावाने, आणि नव्या वाचकाला ती तीन वेगळी माणसं वाटतात. जाड कागदाची एक पट्टी खूण म्हणून पुस्तकात घाला आणि नवं नाव आलं की त्यावर लिहा: कोण, कुणाचं कोण. पहिल्या तीस पानांनंतर ही यादी फारशी वाढत नाही.

कथेतर पुस्तक निवडताना त्याचा प्रकार ओळखा, कारण वाचायची पद्धत त्यावर ठरते. आत्मचरित्र आणि प्रवासवर्णन कादंबरीसारखं सरळ वाचता येतं. नव्यांसाठी हेच सर्वांत सोपं. लेखसंग्रहात क्रम पाळायची सक्ती नसते. दुर्गा भागवतांच्या ‘ऋतुचक्र’मध्ये (१९५६) प्रत्येक मराठी महिन्यावर स्वतंत्र लेख आहे, असं पुस्तक एका बैठकीला एक लेख या बेताने घेता येतं, आणि घाईने तीन-तीन लेख संपवले तर त्यातलं काही हाती लागत नाही. वैचारिक पुस्तकाचा मामला निराळा. त्यात एक मुख्य मुद्दा असतो आणि बाकी सगळं त्याच्या पुराव्यासाठी. आधी अनुक्रमणिका, मग प्रस्तावना, मग शेवटचं प्रकरण वाचा आणि त्यानंतर पहिल्या प्रकरणापासून सुरुवात करा. लेखक कुठे नेतोय हे कळलेलं असलं की मधली प्रकरणं निम्म्या कष्टात समजतात. रहस्य फुटण्याची भीती इथे नाही.

कादंबरीच्या प्रस्तावनेचं मात्र उलट. ती शेवटी वाचा. अभ्यासू प्रस्तावनाकार वाचकाने कादंबरी वाचलेलीच आहे असं धरून चालतात आणि दुसऱ्याच परिच्छेदात शेवट सांगून मोकळे होतात.

कादंबरी आणि कथेतर पुस्तक एकाच विषयाचं निवडायची कल्पना आकर्षक आहे आणि बऱ्याचदा साधतेही. युद्धकाळातली कादंबरी आणि त्या काळाचा इतिहास, किंवा एखाद्या व्यवसायावरची कादंबरी आणि त्या व्यवसायातल्या माणसाचं आत्मचरित्र. क्रम एवढा सांभाळा: आधी कादंबरी. इतिहास आधी वाचला तर कादंबरीतला प्रत्येक तपशील आपण तपासत बसतो. कादंबरी आधी वाचली की इतिहास वाचताना प्रश्न तयार असतात. महिन्यात अशी एकच जोडी पुरे. चारही पुस्तकं एका विषयाची घेतली की अभ्यासक्रमाचा वास येतो.

कॅलेंडरवर मांडणी

१ ते ४ तारीख पहिली कादंबरी, रोज तीस पानं. ५ मोकळी. ६ ते १० कथेतर पुस्तकाचा पहिला भाग, रोज वीस पानं. ११ मोकळी. १२ ते १५ दुसरी कादंबरी. १६ राखीव, १७ मोकळी. १८ ते २१ कथेतर पुस्तकाचा उरलेला भाग. २२ राखीव, २३ मोकळी. २४ ते २७ तिसरी कादंबरी. २८ आणि २९ राखीव. ३० मोकळी.

राखीव आणि मोकळा यांत फरक आहे. राखीव दिवशी बैठक होतेच: मागे पडलेलं भरून काढायचं, काही पडलं नसेल तर टिपणं पुरी करायची किंवा आवडलेला भाग पुन्हा वाचायचा. मोकळ्या दिवशी पुस्तक उघडायचंच नाही असा नियम नाही, पण तो दिवस हिशोबात धरायचा नाही. महिना एकतीसचा असेल तर एक राखीव दिवस वाढवा. फेब्रुवारीत दोन कमी करा.

कथेतर पुस्तक मधोमध तोडायचं कारण साधं आहे. सलग नऊ दिवस माहितीचं पुस्तक वाचताना सहाव्या-सातव्या दिवशी कंटाळा येतो, आणि नेमकी तिथेच आखणी सुटते. मध्ये एक कादंबरी आली की डोकं मोकळं होतं. पण या तोडण्यात एक धोका आहे: आठवडाभराने पुस्तक उघडलं की मागचं पुसट झालेलं असतं. त्याला दोन उपाय, आणि दोन्ही करायचे. एक, वीस पानांच्या हिशोबासाठी प्रकरणाच्या मध्ये तोडू नका. दहा तारखेला पाच-सात पानं कमी-जास्त झाली तरी चालतील, पण प्रकरण पुरं करा. दुसरं, त्याच दिवशी अर्धं पान लिहून पुस्तकात ठेवा. त्यात तीनच गोष्टी असाव्यात: लेखक आतापर्यंत काय म्हणाला, कुठला मुद्दा पटला नाही, पुढे कशाचं उत्तर मिळायला हवं. १८ तारखेला आधी ते अर्धं पान वाचायचं, मग पुस्तक.

कादंबरी मात्र अशी तोडू नका. छोट्या कादंबरीची वीण घट्ट असते. पान बारावर सहज आलेली गोष्ट पान नव्वदला उलगडते, आणि मध्ये आठवडा गेला तर ती निसटते. चार दिवस जमत नसतील तर पाच घ्या, पण सलग.

एक कादंबरी संपल्यावर त्याच रात्री दुसरी सुरू करायचा मोह होतो. टाळा. दोन छोट्या कादंबऱ्या पाठोपाठ वाचल्या की महिन्याच्या शेवटी कुठलं पात्र कुठल्या पुस्तकातलं हे आठवेनासं होतं.

श्राव्य पुस्तक चालेल का?

चालेल. अडीचशे शब्दांची एकशेवीस पानं म्हणजे तीस हजार शब्द. पुस्तक वाचून दाखवणारा मिनिटाला दीडशे शब्दांच्या गतीने वाचत असेल तर तीन तास वीस मिनिटं लागतात. म्हणजे डोळ्यांनी वाचण्याइतकाच वेळ. कादंबरी, आत्मचरित्र आणि प्रवासवर्णन ऐकायला चांगली. आकडे, नकाशे आणि तळटीपा असलेलं पुस्तक ऐकू नका. मागे जाऊन एखादी ओळ शोधणं तिथे फार त्रासाचं होतं.

गाडी घसरली तर

एक बैठक चुकली तर दुसऱ्या दिवशी दुप्पट वाचायचं नाही. साठ पानं म्हणजे दीड तास, आणि ज्याला काल पाऊण तास मिळाला नाही त्याला आज दीड तास कुठून मिळणार? चुकलेली बैठक पुढच्या राखीव दिवशी ढकला आणि आजचं आज वाचा. राखीव दिवसही संपले तर तिसरी कादंबरी सरळ रद्द करा. ती अजून उघडलेली नसते, त्यामुळे काही गमावत नाही. अर्धं वाचून झालेलं कथेतर पुस्तक सोडून नवी कादंबरी धरणं हा उलटा व्यवहार आहे.

पुस्तक आवडतच नसेल तर कधी सोडावं? छोट्या कादंबरीसाठी पाव भाग, म्हणजे तीसेक पानं. कथेतर पुस्तकासाठी पन्नास. तोवर पकड आली नाही तर बिनदिक्कत बाजूला ठेवा, पण जागी लगेच दुसरं घ्या; म्हणूनच यादीत एक जादा पातळ पुस्तक असू द्या, शंभर पानांच्या आतलं. मात्र ‘आवडत नाही’ आणि ‘आज थकलोय’ यांत गल्लत होते. सोडायचा निर्णय त्याच रात्री घेऊ नका, दुसऱ्या दिवशी दहा पानं वाचून घ्या.

पहिल्या दिवशी उत्साहात ऐंशी पानं वाचून टाकणं ही आणखी एक नेहमीची चूक. त्याने दुसऱ्या दिवशी तीस पानं नीरस वाटतात आणि तिसऱ्या दिवशी बैठकच होत नाही. पहिले चार दिवस ठरलेल्या पानावर थांबा, गोष्ट रंगात आली असली तरी.

नोंद

प्रत्येक बैठकीची एक ओळ लिहा: तारीख, पानं, मिनिटं. ‘७ तारीख, पान ३७ ते ५४, ४५ मिनिटं, तक्त्यांपाशी अडलो.’ एवढंच. शेवटचे दोन-तीन शब्द महत्त्वाचे, कारण कुठे आणि कशाने वेग पडला हे नंतर आठवत नाही. पुस्तक संपलं की त्याच दिवशी पाच ओळी लिहा, पण कथानकाचा सारांश नको. तो कुठेही मिळतो. लक्षात राहिलेला एक प्रसंग किंवा मुद्दा, आणि तो का राहिला, एवढं लिहा.

तीस तारखेला या ओळींची बेरीज करा. तासाला सत्तावीस पानं धरली होती आणि प्रत्यक्षात चोवीस निघाली, तर १८० पानांना साडेसात तास लागतात, म्हणजे नऊऐवजी दहा बैठका. पुढच्या महिन्यात एक राखीव दिवस कमी करून दहावी बैठक तिथे मांडा, किंवा १६० पानांचं पुस्तक निवडा.